ई-रीडरवर परराष्ट्र धोरणाची नियतकालिकं कशी वाचावीत

प्रश्न थोडक्यात असा आहे: कोल्हापुरात राज्यशास्त्रात एम.ए. करणाऱ्या एका विद्यार्थ्याकडे सहा इंची किंडल आहे. ‘फॉरेन अफेअर्स’ आणि तशी इतर नियतकालिकं त्यावर नियमित वाचायची आहेत. पण किंडलवर मासिकांची वर्गणी आता भरता येत नाही, ग्रंथालयाच्या खात्यातून उतरवलेल्या पीडीएफ नीट वाचता येत नाहीत, आणि वाचलेलं ऐन वेळी सापडत नाही. दहा इंची रीडर घेतला तर हे सगळं सुटेल का? आणि वाचनाची सुरुवात कुठून करावी?

दहा इंची रीडर लगेच घेऊ नका. तीनपैकी दोन अडचणी फाइल कशा प्रकारची आहे आणि ती तुम्ही कशी साठवता यातून आल्या आहेत, आणि त्या आहे त्याच किंडलवर सुटतात. मी आंतरराष्ट्रीय संबंध शिकवते आणि या विषयाचं माझं बहुतेक वाचन बरीच वर्षं ई-रीडरवरच होतं, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

आधी वर्गणीचं. अमेझॉनने पहिलं किंडल नोव्हेंबर २००७ मध्ये आणलं तेव्हापासून त्यावर वर्तमानपत्रं आणि मासिकं मिळत होती. अंक छापून आला की आपोआप यंत्रात उतरायचा, विभागवार अनुक्रमणिका असायची, एका लेखावरून दुसऱ्यावर सहज जाता यायचं. ही सोय ४ सप्टेंबर २०२३ ला बंद झाली. अनेकांना तिची हळहळ वाटते, आणि ती मी समजू शकते. पण त्या व्यवस्थेत एक मोठी खोट होती. नवा अंक आला की जुने अंक यंत्रावरून आपोआप पुसले जात. एखादा ठेवायचा असेल तर तसं मुद्दाम सांगून ठेवावं लागे. वर्तमानपत्राच्या बाबतीत हे चालून जातं. परराष्ट्र धोरणाच्या लेखाची खरी किंमत मात्र तो जुना झाल्यावर कळते. २०१४ साली युक्रेनबद्दल कोण काय म्हणत होतं हे २०२२ नंतर वाचण्यात जो अर्थ आहे, तो त्या वेळच्या वाचनात नव्हता.

म्हणून माझा पहिला आणि सगळ्यात आग्रहाचा सल्ला: ई-रीडरवर अंक साठवू नका, लेख साठवा. अंक ही छापखान्याची आणि टपालाची गरज होती. ‘फॉरेन अफेअर्स’ वर्षातून सहा वेळा निघतं, आणि एका अंकात चीन, हवामान करार, आफ्रिकेतली सत्तांतरं, अणुनिःशस्त्रीकरण असं सगळं शेजारी शेजारी असतं, कारण ते त्या दोन महिन्यांत लिहून झालेलं असतं. तुमच्या अभ्यासात ते लेख वेगवेगळ्या ठिकाणी जाणार आहेत. अख्खा अंक एकच फाइल म्हणून ठेवलात, तर सहा महिन्यांनी चीनवरचा तो लेख कोणत्या अंकात होता हे आठवत बसाल. प्रत्येक लेखाची वेगळी फाइल असेल तर त्याला नाव देता येतं, विषयाच्या कप्प्यात टाकता येतं, आणि ज्या लेखाला तो उत्तर आहे त्याच्या शेजारी ठेवता येतं.

याला एकच अपवाद करते: पुस्तक परीक्षणांचा विभाग. ‘फॉरेन अफेअर्स’मध्ये शेवटी नव्या पुस्तकांची छोटी छोटी परीक्षणं असतात, प्रदेशवार आणि विषयवार. ती एकेक वेगळी काढण्यात अर्थ नाही. तो विभाग सलग वाचावा. कोणत्या प्रश्नावर आत्ता कोण काम करतंय याचं इतकं चांगलं चित्र दुसरीकडे क्वचित मिळतं.

आता लेख यंत्रात आणायचा कसा. सगळ्यात सोपा रस्ता म्हणजे ब्राउझरमध्ये बसवायचं ‘सेंड टू किंडल’ हे विस्तारक, किंवा त्याच कामाचं ‘पुश टू किंडल’. नियतकालिकाच्या संकेतस्थळावर आपल्या सदस्यत्वाने आत जायचं, लेख पूर्ण उघडायचा, मग विस्तारकाचं बटण दाबायचं. या क्रमाला कारण आहे. काही सेवा तुमच्याकडून फक्त पत्ता घेतात आणि तो लेख स्वतः जाऊन आणतात. त्यांच्याकडे तुमचं सदस्यत्व नसतं, म्हणून त्यांना पहिले दोन-तीन परिच्छेदच मिळतात आणि तेवढेच तुमच्या किंडलवर येतात. जे विस्तारक तुमच्या ब्राउझरमध्ये उघडलेलं पान उचलतं, त्याला पूर्ण लेख मिळतो. अर्धवट लेख येण्याची तक्रार असते तेव्हा बहुतेक वेळा कारण हेच निघतं. पाठवलेल्या लेखाचा शेवटचा परिच्छेद आला आहे ना, हे संगणक बंद करण्याआधी पाहून घ्या.

ईपब (ई-पुस्तकांसाठीचा एक फाइलप्रकार) हातात असेल तर काम आणखी सोपं आहे. काही नियतकालिकं आणि अभ्याससंस्था स्वतःच ईपब देतात. २०२२ पासून ‘सेंड टू किंडल’ ईपब स्वीकारतं. आपल्या खात्याला मिळालेल्या किंडलच्या ईमेल पत्त्यावर फाइल पाठवायची. फक्त ज्या ईमेलवरून पाठवणार तो अमेझॉनच्या सेटिंगमध्ये आधी मान्य करून ठेवलेला हवा, नाहीतर फाइल पोचत नाही. मात्र तीच ईपब केबलने थेट किंडलमध्ये टाकलीत तर ती यादीत दिसणारच नाही. केबलने टाकायची असेल तर ‘कॅलिबर’ या ई-पुस्तकं सांभाळणाऱ्या संगणकीय प्रणालीतून रूपांतर करूनच टाकावी लागते.

‘कॅलिबर’बद्दल थोडं जास्त लिहायला हवं, कारण या कामात त्याच्याइतकं उपयोगी काहीच नाही. कोविद गोयल यांनी २००६ साली सोनीच्या एका रीडरसाठी ते लिहायला घेतलं. आजही ते मोफत आणि खुलं आहे. त्यात ‘फेच न्यूज’ नावाची सोय आहे. निरनिराळ्या वर्तमानपत्रांसाठी आणि नियतकालिकांसाठी लोकांनी लिहिलेल्या ‘रेसिपी’ त्यात तयार असतात. ‘फॉरेन अफेअर्स’ची रेसिपीही आहे. ती संकेतस्थळावरून ताज्या अंकातले लेख गोळा करते आणि एक नीटनेटकं पुस्तक बनवते. ज्या नियतकालिकांना वर्गणी लागते त्यांच्या रेसिपीत आपलं खातं भरायची जागा असते. संकेतस्थळाची रचना बदलली की रेसिपी मोडते. तेव्हा घाबरू नका, कॅलिबरची नवी आवृत्ती घ्या. बहुतेकदा कोणीतरी ती दुरुस्त केलेली असते. अंक असा आला की ‘ईपब-स्प्लिट’ हे जोडतंत्र वापरून त्यातले हवे ते लेख वेगळे काढा. उलट काम करणारं ‘ईपब-मर्ज’ही आहे, त्याचा उपयोग पुढे सांगते.

नंतर वाचू म्हणून लेख साठवणाऱ्या सेवांवर पूर्ण भिस्त ठेवू नका. ‘पॉकेट’ ही त्यातली सर्वांत परिचित सेवा. कोबोच्या रीडरमध्ये तर ती आतूनच जोडलेली होती. मोझिलाने ती ८ जुलै २०२५ ला बंद केली. कोबोने नंतर ‘इन्स्टापेपर’ जोडून दिलं, पण मधल्या काळात ज्यांचा सगळा साठा पॉकेटमध्ये होता त्यांची धावपळ झाली. सेवा वापरा, पण अभ्यासाच्या लेखांची एक प्रत ईपबमध्ये आपल्या संगणकावर ठेवा.

एक विनंती अगदी मनापासून. स्पर्धा परीक्षांच्या गटांमध्ये या नियतकालिकांच्या पीडीएफ फिरत असतात. त्या घेऊ नका. ज्यांनी महिनोन्महिने खपून लेख लिहिला आणि ज्यांनी तो तपासून छापला त्यांचे पैसे बुडतात हे तर आहेच. शिवाय त्या फाइली सदोष असतात: पानं गळलेली, अक्षरओळख चुकलेली, कधी दोन अंकांची सरमिसळ. अशा फाइलीतून उतरवलेलं वाक्य उत्तरपत्रिकेत किंवा प्रबंधात गेलं तर ते मूळ लेखकाचं आहे की नाही याची खात्री तुम्हीही देऊ शकत नाही. आणि सरळ मार्ग आज पूर्वीपेक्षा कितीतरी मोकळे झाले आहेत.

सरकारी शिक्षणसंस्थांना शोधनियतकालिकं खुली करून देणाऱ्या ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ या योजनेला केंद्रीय मंत्रिमंडळाने २५ नोव्हेंबर २०२४ ला मान्यता दिली. २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपयांची तरतूद, ३० प्रकाशक, सुमारे १३,००० नियतकालिकं, आणि केंद्र व राज्य सरकारांच्या ६,३०० हून अधिक संस्था असा तिचा आवाका आहे. गांधीनगरचं ‘इन्फ्लिबनेट’ केंद्र ती चालवतं. प्रकाशकांमध्ये ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेस, टेलर अँड फ्रान्सिस आणि सेज आहेत. या तिघांकडे आपल्या विषयाचं केवढं धन आहे पाहा. लंडनच्या चॅटम हाउसचं ‘इंटरनॅशनल अफेअर्स’ ऑक्सफर्ड काढतं. ‘सर्व्हायव्हल’ आणि ‘द वॉशिंग्टन क्वार्टर्ली’ टेलर अँड फ्रान्सिसकडे आहेत. दिल्लीच्या सप्रू हाउसमधल्या इंडियन कौन्सिल ऑफ वर्ल्ड अफेअर्सचं ‘इंडिया क्वार्टर्ली’ १९४५ पासून निघतंय, ते सेजकडे आहे. तुमचं विद्यापीठ सरकारी असेल तर ग्रंथपालांना भेटा आणि घरून वापरायचं खातं मागून घ्या. हे खातं मागायला पुष्कळ विद्यार्थी जातच नाहीत, याचं मला फार वाईट वाटतं.

जुन्या लेखांसाठी जेस्टोर हे डिजिटल ग्रंथालय आहे. संस्थेचं खातं नसलं तरी वैयक्तिक मोफत खात्यावर महिन्याला १०० लेख पडद्यावर वाचता येतात. ‘टेक्सस नॅशनल सिक्युरिटी रिव्ह्यू’ हे २०१७ साली सुरू झालेलं नियतकालिक तर सगळ्यांसाठी खुलं आहे. आणि मुंबईहून निघणारं ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’ विसरू नका. भारताच्या परराष्ट्र धोरणावर आतून टीका कशी झाली हे पाहायचं तर त्याच्या १९६६ पासूनच्या अंकांना पर्याय नाही.

आता पीडीएफ. तुमच्या त्रासाचं मूळ इथे आहे, आणि ते साध्या गणिताने कळतं. सहा इंची किंडलचा पडदा रुंदीला साधारण ३.६ इंच आणि उंचीला ४.८ इंच असतो. ए-४ आकाराचं पान ८.२७ इंच रुंद. ते या पडद्यावर बसवलं की सगळं सुमारे ४४ टक्क्यांवर येतं. ११ पॉइंटचा टाइप पाच पॉइंटच्याही खाली जातो. तो कोणालाच वाचता येणार नाही, त्यात तुमच्या डोळ्यांचा दोष नाही. पण शोधनियतकालिकं सहसा ए-४ नसतात. पान सहा बाय नऊ इंचांच्या आसपास असेल, तर समास सोडून मजकुराची रुंदी जेमतेम साडेचार इंच भरते. समास कापा आणि किंडल आडवं धरा. आता तुमच्याकडे ४.८ इंच रुंदी आहे आणि मजकूर साडेचार इंचांचा आहे, म्हणजे छापील अंकात जसा होता त्याच आकारात, किंवा किंचित मोठा दिसेल. एक पान दोन-तीन टप्प्यांत वाचावं लागेल एवढंच.

हे काम ‘के-टू-पीडीएफ-ऑप्ट’ नावाचं मोफत साधन उत्तम करतं. त्यातला ‘फिट विड्थ’ प्रकार निवडला की समास काढून, आडव्या पडद्याच्या रुंदीला बसणारी नवी पीडीएफ मिळते. दोन रकान्यांची पानं असतील तर तेच साधन रकाने ओळखून एकाखाली एक लावतं. तिसरा प्रकार म्हणजे शब्द उचलून नव्याने ओळी मांडणं. जेस्टोरवरच्या जुन्या, पानांचे फोटो काढून केलेल्या पीडीएफसाठी हा प्रकार फार चांगला, कारण तो अक्षरं ओळखायच्या भानगडीत न पडता शब्दांचे चित्ररूप तुकडे हलवतो. त्यामुळे चुकीची अक्षरओळख मध्ये येत नाही. तोटा असा की चित्रावर खूण करून ओळ उतरवून घेता येत नाही. वाचायला एक प्रत आणि उतरवायला मूळ पीडीएफ अशा दोन ठेवाव्या लागतात.

अमेझॉनलाच पीडीएफचं रूपांतर करायला सांगता येतं. ईमेलच्या विषयात ‘कन्व्हर्ट’ लिहायचं. परराष्ट्र धोरणाच्या शोधलेखांसाठी हा रस्ता मी सुचवत नाही. पानाच्या वरचं शीर्षक, खालचा पानक्रमांक आणि तळटीपा हे सगळं मूळ मजकुरात मिसळून जातं. ‘इंटरनॅशनल सिक्युरिटी’सारख्या नियतकालिकात प्रत्येक पानाखाली आठ-दहा ओळींच्या तळटीपा असतात. वाक्य अर्धं झालेलं असताना मध्येच कुठल्या तरी दूतावासाच्या तारेचा संदर्भ सुरू होतो आणि पुढे अर्ध्या पानाने वाक्याचा उरलेला भाग येतो. युक्तिवादाचा धागा हातून सुटतो.

म्हणून नियम असा ठेवा: लेख संकेतस्थळावर पानाच्या रूपात पूर्ण उपलब्ध असेल तर तो वाचायला घ्या, पीडीएफ फक्त संदर्भासाठी उतरवा. वरच्या बहुतेक प्रकाशकांकडे अलीकडच्या लेखांचं दोन्ही रूप मिळतं. ब्राउझरमधून पाठवलेल्या रूपात अक्षर हवं तेवढं मोठं करता येतं, तळटीपा शेवटी एकत्र येतात, आणि किंडलचा शब्दकोशही चालतो. पीडीएफ मात्र हवीच, कारण प्रबंधात पानक्रमांक द्यावा लागतो आणि किंडल जे ‘लोकेशन’ दाखवतं ते कोणताही मार्गदर्शक मान्य करणार नाही.

आता नाव देण्याबद्दल. हे किरकोळ वाटेल, पण या विषयाच्या वाचनात मी याला सर्वांत वर ठेवते. विस्तारकाने पाठवलेल्या लेखावर पाठवल्याची तारीख असते, प्रकाशनाची नसते. कथा-कादंबरीत त्याने काही बिघडत नाही. पण रशियावरचा लेख २४ फेब्रुवारी २०२२ च्या आधीचा की नंतरचा, हे माहीत नसताना तो वाचण्यात धोका आहे. लेखकाने काय ओळखलं आणि त्याला काय दिसलं नाही, हे तारखेशिवाय ठरवताच येत नाही. त्यात अंकाची तारीखही फसवी असते. जानेवारी-फेब्रुवारीचा अंक डिसेंबरातच बाहेर येतो, आणि त्यातला लेख त्याच्याही आधी लिहून झालेला असतो. शिवाय आता काही लेख आधी संकेतस्थळावर येतात आणि मग छापील अंकात जातात. म्हणून फाइलचं नाव मी वर्ष, महिना, लेखकाचं आडनाव आणि विषय या क्रमाने देते, आणि महिना संकेतस्थळावर लेख आला तो घेते: ‘२०१४-०८ मिअरशायमर युक्रेन’. कॅलिबरमध्ये शीर्षक असं बदलून मग पाठवायचं. यंत्रावर शीर्षकानुसार क्रम लावला की सगळे लेख आपोआप काळाच्या क्रमाने उभे राहतात.

नावाबरोबर लेखकाची ओळखही तपासा. धोरणावरचे लेख बऱ्याचदा असे लोक लिहितात जे काल सरकारात होते किंवा उद्या जाणार आहेत. लेखाच्या डोक्यावर किंवा पायथ्याशी त्यांचं पद सांगणारी एक ओळ असते, आणि पान साफ करताना विस्तारकं नेमकी तीच ओळ कधीकधी गाळतात. गळली असेल तर स्वतः टिपेत लिहा. जुलै १९४७ च्या ‘फॉरेन अफेअर्स’मध्ये सोव्हिएत वर्तनाच्या मुळांवरचा लेख ‘एक्स’ या नावाने आला. लेखक जॉर्ज केनन तेव्हा अमेरिकेच्या परराष्ट्र खात्यात धोरण नियोजन विभागाचे प्रमुख होते. तो एखाद्या अभ्यासकाचा तर्क म्हणून वाचणं आणि खात्याच्या आतल्या विचाराची खिडकी म्हणून वाचणं यांत फार अंतर आहे. रिचर्ड निक्सन यांनी ऑक्टोबर १९६७ मध्ये व्हिएतनामनंतरच्या आशियावर लिहिलं तेव्हा ते कोणत्याही पदावर नव्हते. चीनला कायमचं जगाबाहेर ठेवता येणार नाही असं त्यांनी त्यात म्हटलं, आणि फेब्रुवारी १९७२ मध्ये अध्यक्ष म्हणून ते बीजिंगला गेले. तारीख आणि पद या दोन गोष्टी समोर असल्या की असा लेख पूर्ण उलगडतो.

लेख सुटा साठवण्याचा मोठा फायदा यानंतर दिसतो. परराष्ट्र धोरणाच्या नियतकालिकांत खरं मोल वादाचं असतं, आणि वाद एका अंकात कधीच मावत नाही. सॅम्युएल हंटिंग्टन यांचा संस्कृतींच्या संघर्षावरचा लेख १९९३ च्या उन्हाळी अंकात आला. शीर्षकाच्या शेवटी प्रश्नचिन्ह होतं, हे लोक विसरतात. पुढच्याच अंकात फुआद अजमी, किशोर महबूबानी आणि इतरांनी त्याला उत्तरं दिली, आणि वर्षाच्या शेवटच्या अंकात हंटिंग्टन यांनी प्रत्युत्तर लिहिलं. छापील रूपात हे तीन अंकांत विखुरलेलं आहे. ‘ईपब-मर्ज’ने ते एका फाइलीत आणा, क्रमाने वाचा, आणि एम.ए.च्या वर्गात या विषयावर जे एकेरी बोललं जातं त्यातलं किती मूळ लेखात आहे ते स्वतः पाहा. तसंच जॉन मिअरशायमर यांचा सप्टेंबर-ऑक्टोबर २०१४ चा युक्रेनवरचा लेख, आणि त्यापुढच्या अंकातली मायकल मॅकफॉल व स्टीफन सेस्टानोविच यांची उत्तरं. मॅकफॉल त्याच वर्षाच्या सुरुवातीपर्यंत मॉस्कोत अमेरिकेचे राजदूत होते, हे टिपेत लिहून ठेवा. चीनबाबत अमेरिकेचे अंदाज चुकले का, या प्रश्नावर कर्ट कॅम्पबेल आणि एली रॅटनर यांनी मार्च-एप्रिल २०१८ मध्ये लिहिलं आणि जुलै-ऑगस्टच्या अंकात त्यावर चर्चा झाली. त्याचीही अशीच फाइल होते.

टिपणांबद्दल आता. पाठवलेल्या वैयक्तिक लेखांवरच्या खुणा अमेझॉनच्या संकेतस्थळावरच्या नोटबुकमध्ये दिसत नाहीत. तिथे फक्त विकत घेतलेल्या पुस्तकांच्या दिसतात. पुष्कळांना वाटतं खुणा हरवल्या. त्या हरवलेल्या नसतात, यंत्रातल्या ‘माय क्लिपिंग्ज’ या साध्या मजकूर फाइलीत असतात. केबल जोडून ती संगणकावर उतरवून घ्या. प्रत्येक नोंदीवर शीर्षक, जागा, तारीख आणि वेळ असते. तुम्ही शीर्षकात वर्ष-महिना-लेखक दिलेलं असेल तर प्रत्येक उताऱ्यावर ते आपोआप येतं, म्हणजे संदर्भ अर्धा तयार. खूण वाढवली किंवा बदलली तरी जुनी नोंद त्या फाइलीत राहतेच, त्यामुळे दुहेरी नोंदी दिसतील. त्या हाताने काढा.

खुणा कमी करा. एका लेखात मी तीनच प्रकारच्या जागा खुणावते: लेखकाचा मुख्य दावा, त्याला आधार म्हणून दिलेली घटना किंवा आकडा, आणि ‘सरकारने असं करावं’ असं सांगणारं वाक्य. धोरणावरच्या लेखात हे शेवटचं वाक्य सहसा शेवटच्या पाव भागात असतं, आणि परीक्षेत विचारण्यासारखा प्रश्न बहुधा त्याच्या आणि पहिल्या दाव्याच्या मधल्या फटीत सापडतो: कारणमीमांसा मान्य असूनही शिफारस मान्य न होण्याची जागा. वाचून झाल्याबरोबर दोन-तीन ओळी मराठीत स्वतःच्या शब्दांत वहीत लिहा. पडद्यावरच्या कळफलकाशी झटत बसू नका.

नकाशे आणि आलेख ही ई-रीडरची खरी कमजोरी आहे, ती मान्य करायला हवी. लाल आणि हिरवा रंग करड्या छटेत जवळजवळ सारखे दिसतात; दक्षिण चीन समुद्रातल्या दाव्यांचा नकाशा अशा पडद्यावर समजणार नाही. रंगीत ई-इंक पडदे आता मिळतात, पण ज्या ‘कॅलिडो’ पडद्यावर काळी अक्षरं इंचाला ३०० ठिपक्यांनी उमटतात, त्यावर रंग १५० ठिपक्यांनीच येतो. बारीक नकाशासाठी तेही पुरत नाही. नकाशा फोनवर किंवा संगणकावर पाहा आणि लेख किंडलवर वाचा.

मग दहा इंची रीडर कधी घ्यावा? त्याचा पडदा साधारण ६.२ इंच रुंद असतो. ए-४ पान त्यावर ७५ टक्क्यांवर येतं, आणि समास कापले तर जवळपास मूळ आकारात. पीएच.डी.ला लागलात, रोजचं वाचन सरकारी अहवाल, करारांचे मसुदे, संयुक्त राष्ट्रांची कागदपत्रं आणि तळटीपांनी भरलेले शोधलेख असं झालं, तर जरूर घ्या, आणि त्या वेळी पेनने पानावर लिहिता येईल असाच घ्या. फक्त नियतकालिकांसाठी घेऊ नका. तो जड असतो आणि प्रवासात एका हाताने धरवत नाही. आत्ता यंत्र बदलायचंच असेल तर सात इंची पुरेसा आहे. अँड्रॉइडवर चालणारे ई-इंक रीडरही आहेत. त्यांत नियतकालिकांचं स्वतःचं अ‍ॅप टाकता येतं आणि ग्रंथालयाच्या खात्याने थेट आत जाता येतं, ही सोय मोठी आहे. पण त्यांत ईमेल आणि निरोपही येतात, आणि साडेचार हजार शब्दांचा लेख एका बैठकीत वाचायचा असेल तर ते मोडता घालतात. तुमचं जुनं किंडल या बाबतीत वरचढ आहे.

सुरुवात कुठून करावी असंही तुम्ही विचारलं होतं. ताज्या अंकापासून करू नका. भारताच्या बाजूने अमेरिकी वाचकांसाठी लिहिलेले तीन लेख आधी मिळवा. जानेवारी १९३८ च्या ‘फॉरेन अफेअर्स’मध्ये जवाहरलाल नेहरूंनी भारताच्या एकतेवर लिहिलं, जळगाव जिल्ह्यातल्या फैजपूर अधिवेशनाचं अध्यक्षपद त्यांनी भूषवलं त्याला तेव्हा जेमतेम वर्ष झालं होतं. ऑक्टोबर १९७२ मध्ये इंदिरा गांधींनी भारत आणि जग या विषयावर लिहिलं; बांगलादेशचं युद्ध आणि सिमला करार नुकते होऊन गेलेले. सप्टेंबर-ऑक्टोबर १९९८ मध्ये, पोखरणच्या मे महिन्यातल्या चाचण्यांनंतर, जसवंतसिंग यांनी अणुविषयक भेदभावाविरुद्ध भारताची बाजू मांडली. ते त्याच वर्षी डिसेंबरात परराष्ट्रमंत्री झाले. पहिला लेख स्कॅन केलेल्या रूपात मिळाला तर तो ‘के-टू-पीडीएफ-ऑप्ट’मधून काढा. तिन्हींना वर सांगितल्याप्रमाणे नावं द्या, आणि त्यांच्या खाली सी. राजा मोहन यांचा जुलै-ऑगस्ट २००६ चा भारत आणि सत्तासंतुलनावरचा लेख जोडा. प्रत्येकात ‘भारताला अमेरिकेकडून काय हवं आहे’ हे सांगणारं वाक्य शोधून खुणवा आणि ती चार वाक्यं वहीच्या एका पानावर क्रमाने उतरवा. एवढं झालं की ताजा अंक उघडा.